सीमेपलीकडे जाणारी प्रवासी गाडी : वाटाघाटी नेमक्या कशावर होतात आणि कुठे अडतात?

लोहमार्गी (धागालेखक)

भारत आणि भूतान रेल्वेने जोडले जाणार, ही घोषणा २९ सप्टेंबर २०२५ ला झाली. आसामातल्या कोक्राझारहून गेलेफूपर्यंत ६९ किलोमीटर आणि पश्चिम बंगालमधल्या बनरहाटहून सामत्सेपर्यंत २० किलोमीटर असे दोन मार्ग, खर्च सुमारे ४,०३३ कोटी रुपये. तेव्हापासून रेल्वेवेड्या मंडळींत पूल किती, वेग किती, वंदे भारत जाणार का, याच गप्पा चालू आहेत.

मला काळजी वेगळीच आहे. रूळ टाकणं आपल्याला जमतं. पण भारत-पाकिस्तान आणि भारत-बांगलादेश यांच्यातल्या प्रवासी गाड्यांचा इतिहास काढून बघा. रूळ खराब झाले म्हणून गाडी थांबली, असं तिथे दिसत नाही. गाड्या थांबल्या त्या दोन सरकारांचं बिनसलं म्हणून, आणि एकदा थांबलेली गाडी पुन्हा सुरू व्हायला कधी दोन वर्षं लागली, कधी चाळीस.

भारत-पाकिस्तानमधली समझौता एक्स्प्रेसच बघा. दळणवळण पुन्हा सुरू करण्याची पावलं उचलायची, हे १९७२ च्या सिमला करारात लिहिलं गेलं. प्रत्यक्ष गाडी धावली २२ जुलै १९७६ ला. सुरुवातीला रोज, मग १९९४ पासून आठवड्यातून दोनदा. संसदेवरच्या हल्ल्यानंतर १ जानेवारी २००२ पासून बंद, १५ जानेवारी २००४ ला पुन्हा सुरू. बेनझीर भुत्तो यांच्या हत्येनंतर काही काळ बंद. फेब्रुवारी २०१९ मध्ये बंद, मार्चमध्ये सुरू, ऑगस्टमध्ये पुन्हा बंद, ती आजतागायत.

त्या ८ ऑगस्ट २०१९ च्या दिवशी काय झालं ते आठवा. गाडी पलीकडच्या वाघ्यापर्यंत आली आणि पाकिस्तानी कर्मचाऱ्यांनी ती अटारीला आणायला नकार दिला. शंभरावर प्रवासी आत. शेवटी आपलं इंजिन आणि आपले कर्मचारी पलीकडे गेले आणि गाडी ओढून घेऊन आले. दोन्ही देशांचे रेक, म्हणजे डब्यांचे संच, आलटूनपालटून वापरायची पद्धत होती, त्यामुळे भारताचे डबे पलीकडेच अडकून पडले.

गाडी सुरू कशी करायची यावर महिनोन्‌महिने बैठका होतात. थांबवायची कशी, हे मात्र प्रत्येक वेळी त्या दिवशीच ठरतं. माझं म्हणणं एवढंच आहे की प्रवासी गाडीच्या करारात स्थगितीचं कलम सगळ्यात आधी आणि सगळ्यात तपशिलात लिहिलं पाहिजे. किती दिवसांची पूर्वसूचना, वाटेत असलेली गाडी कोणी कुठपर्यंत न्यायची, अडकलेले डबे किती दिवसांत परत, तिकिटाचे पैसे कोण देणार, आणि फेरविचाराची बैठक किती दिवसांत झालीच पाहिजे. जाणकारांनी लिहावं.

सुवर्णरेखा

चांगला विषय. बंगालच्या बाजूने थोडी भर घालते.

बऱ्याच जणांची समजूत असते की फाळणी झाली आणि गाड्या बंद पडल्या. तसं झालेलं नाही. ईस्ट बंगाल मेल, ईस्ट बंगाल एक्स्प्रेस, बारिसाल एक्स्प्रेस या गाड्या १९४७ नंतरही कोलकाता आणि पूर्व पाकिस्तान यांच्यात धावत होत्या. त्या तुटल्या १९६५ च्या युद्धाने. पुढे १९७१ आलं, बांगलादेश झाला, दोन्ही सरकारांचं सख्य झालं, तरी प्रवासी गाडी काही आली नाही. कोलकाता-ढाका मैत्री एक्स्प्रेसचा करार २००१ च्या जुलैमध्ये झाला आणि गाडी निघाली १४ एप्रिल २००८ ला, पोईला बोईशाखच्या, म्हणजे बंगाली नववर्षाच्या मुहूर्तावर. म्हणजे युद्धापासून मोजली तर ४३ वर्षं, आणि करारापासूनही जवळजवळ सात.

सुरुवातीच्या काळात प्रवाशांचे फार हाल व्हायचे. आपल्या बाजूच्या सीमेवरच्या गेदेला सगळं सामान घेऊन उतरा, भारताचं इमिग्रेशन आणि कस्टम्स करा, पुन्हा चढा. पलीकडच्या दर्शना स्टेशनला पुन्हा उतरा, बांगलादेशची तपासणी करा, पुन्हा चढा. कोलकाता ते ढाका अंतर सुमारे ३७५ किलोमीटर, आणि दिवसाचा मोठा तुकडा या दोन थांब्यांतच जायचा. म्हाताऱ्या माणसांना, रुग्णांना ते किती जड जात असेल! नोव्हेंबर २०१७ मध्ये तपासणी दोन टोकांना नेली, कोलकाता स्टेशनवर आणि ढाका कँटोन्मेंटला. रूळ तेच, डबे तेच, इंजिनं तीच, आणि प्रवासाचे तास कमी झाले. याला मी खरं वाटाघाटींचं यश म्हणेन. त्याच वेळी, ९ नोव्हेंबर २०१७ ला, पेत्रापोल-बेनापोलमार्गे खुलनाला जाणारी बंधन एक्स्प्रेसही सुरू झाली.

चौकस

सुवर्णरेखाताई, एक शंका. तपासणी टोकाला नेली म्हणजे बांगलादेशात प्रवेश द्यायचा की नाही हे ढाक्याला पोचल्यावर ठरणार. तिथे एखाद्याला नाकारलं तर? तो तर देशाच्या पार आत जाऊन पोचलेला.

गार्डचा_डबा

चौकस, अगदी योग्य जागी बोट ठेवलंत. मी रेल्वेत परिचालन विभागात नोकरी केली आहे, सीमेवर नाही, पण या गोष्टी आमच्यात बोलल्या जायच्या.

विमानाच्या बाबतीत जगभर एक सूत्र आहे. शिकागो कराराच्या नवव्या परिशिष्टानुसार प्रवेश नाकारलेल्या माणसाला परत नेण्याची जबाबदारी विमान कंपनीची असते. रेल्वेसाठी जगभर लागू होणारं असं एक सूत्र नाही, दोन सरकारांनीच बसून ठरवावं लागतं. म्हणून अशा गाड्यांना तिकीट देतानाच पासपोर्ट आणि व्हिसा बघतात. खिडकीवरचा कारकून हा खरं तर तपासणीचा पहिला टप्पा असतो.

दुसरी गोष्ट अशी की टोकाला तपासणी केली की मधला प्रवास बंद डब्यासारखा होतो. वाटेत कोणी चढायचं नाही, कोणी उतरायचं नाही. सीमेजवळच्या जिल्ह्यांतल्या ज्या लोकांचे नातेवाईक दहा कोसांवर पलीकडे आहेत, त्यांच्या दारावरून गाडी निघून जाते आणि त्यांना तिचा काही उपयोग नाही. वेळ वाचतो तो लांबच्या प्रवाशाचा. हा सौदा टेबलावर कोणीतरी केलेला असतो, पण त्याबद्दल बोललं जात नाही.

आता परिचालनाबद्दल, कारण बाहेरून हे फार सोपं वाटतं. भारत आणि पाकिस्तान दोघांचं ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटर, त्यामुळे तिथे रुळाचा प्रश्न नाही. बांगलादेशात पश्चिमेला ब्रॉडगेज आणि पूर्वेला मुख्यतः मीटरगेज, काही ठिकाणी दोन्ही चालतील अशी तीन रुळांची लाईन. आपल्याकडे वरून २५ हजार व्होल्टची तार, त्यांच्याकडे लांब पल्ल्याच्या गाड्या डिझेलवर. मग इंजिन कुठे बदलायचं, तर सीमेजवळ. लोको पायलटला त्या मार्गाची शिकवणी झालेली असल्याशिवाय गाडी चालवता येत नाही, म्हणून कर्मचारीही तिथेच बदलतात. गाडी पुढच्या स्टेशनने घेतली की नाही याचा निरोप एका देशाचा स्टेशनमास्तर दुसऱ्या देशाच्या स्टेशनमास्तरला देतो. तो निरोप कोणत्या शब्दांत द्यायचा, कोणत्या वहीत लिहायचा, अपघात झाला तर चौकशी कोणाच्या नियमांनी करायची, हे सगळं लेखी लागतं.

आणि घड्याळ! ढाक्याचं घड्याळ आपल्यापुढे अर्धा तास, काठमांडूचं पाव तास, लाहोरचं मागे अर्धा तास. वेळापत्रकात आगमन एका वेळेत आणि प्रस्थान दुसऱ्या वेळेत. प्रवाशाला ही गंमत वाटते, पण नियंत्रण कक्षात यावरून घोटाळा होता कामा नये.

दूरदेशी

युरोपातलं उदाहरण देते, कारण तपासणी कुठे करायची या एकाच प्रश्नावर तिथेही वर्षं गेली आहेत.

ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यात १२ फेब्रुवारी १९८६ ला कँटरबरीत चॅनल बोगद्याचा करार झाला. मग १९९१ चा सँगात प्रोटोकॉल आला आणि त्यातून समोरासमोरच्या तपासणीची पद्धत रुजत गेली. आज लंडनच्या सेंट पँक्रसला गाडीत चढण्याआधीच फ्रेंच पोलीस पासपोर्ट बघतात आणि पॅरिसच्या गार द्यू नॉरला ब्रिटिश अधिकारी बघतात. एकदा बसलं की उतरून सरळ शहरात. चौकस यांचा प्रश्न इथे उद्भवतच नाही, कारण नकार मिळायचा तो चढण्याआधी मिळतो, स्वतःच्या शहरात.

याची किंमत मात्र मोठी असते. परक्या देशाचा गणवेशधारी अधिकारी तुमच्या राजधानीच्या स्टेशनवर उभा राहून तुमच्याच नागरिकाला अडवू शकतो. त्याला कोणते अधिकार, त्याच्या हातून चूक झाली तर खटला कुठल्या कोर्टात, त्याने शस्त्र बाळगायचं का, हे सगळं संसदेपर्यंत जातं.

युरोस्टार लंडनहून ॲमस्टरडॅमला थेट जायला लागली ४ एप्रिल २०१८ ला. परतीच्या प्रवासात मात्र ब्रसेल्सला उतरावं लागायचं, तिथे तपासणी आणि मग दुसरी गाडी. का? ॲमस्टरडॅम आणि रॉटरडॅमच्या स्टेशनांवर ब्रिटिश अधिकारी बसवण्याचा करार झालेला नव्हता. तो झाल्यावर थेट परतीची गाडी सुरू झाली २६ ऑक्टोबर २०२० ला. अडीच वर्षं एकाच मार्गावर एका दिशेने सोय आणि उलट दिशेने गैरसोय. नेदरलँड्स आणि ब्रिटन यांचं तर काही भांडणही नव्हतं!

हाँगकाँगचं वेस्ट काउलून स्टेशन याच्याही पुढचं. सप्टेंबर २०१८ मध्ये ते उघडलं, तेव्हा शहराच्या मध्यावर स्टेशनच्या एका भागात चीनच्या मुख्य भूमीचे कायदे लागू झाले. त्यावरून कोर्टात दावे झाले, लोक रस्त्यावर आले. प्रवासाची सोय की कायद्याची हद्द, असा प्रश्न तिथे सरळ समोर उभा होता.

हिमरेषा

मी सगळं वाचते आहे आणि काही ठिकाणी अस्वस्थ होते आहे, म्हणून स्पष्ट लिहिते.

१८ फेब्रुवारी २००७ ची रात्र. पानिपतजवळ दिवाना स्टेशनच्या आसपास समझौता एक्स्प्रेसमध्ये स्फोट झाले, डबे पेटले, ६८ माणसं गेली. त्यातले बहुतेक पाकिस्तानी नागरिक होते, आपलेही होते, रेल्वेचे कर्मचारीही होते. प्रकरण बारा वर्षं चाललं आणि मार्च २०१९ मध्ये पंचकुलाच्या विशेष न्यायालयाने चारही आरोपींना निर्दोष सोडलं. म्हणजे इतकी माणसं जळून मेली आणि दोषी कोण याचं उत्तर आजही नाही.

अशी गाडी हे सोपं लक्ष्य असतं. तिचा दिवस ठरलेला, वेळ ठरलेली, मार्ग ठरलेला. दोन देशांचं बिघडवायचं असेल त्याला याहून सोयीचं काय? म्हणून उद्या एखादा मोठा हल्ला झाला आणि सरकारने त्याच रात्री गाडी थांबवली, तर मी सरकारच्या बाजूने उभी राहीन. तीस दिवसांची पूर्वसूचना वगैरे कलमं अशा वेळी कोण पाळणार? आणि का पाळावीत?

लोहमार्गी, तुमची तळमळ कळते. पण सरकारचे हात बांधणारा करार कोणतंही सरकार करणार नाही आणि करूही नये.

लोहमार्गी

हिमरेषाताई, तुमचा मुद्दा मनापासून मान्य आहे. सुरक्षेसाठी गाडी तत्काळ थांबवण्याचा अधिकार हवाच, त्याला पूर्वसूचना नको. मूळ लेखात मी ते वेगळं करून लिहायला हवं होतं.

पण थांबवण्याचा अधिकार ही एक गोष्ट आणि थांबवल्यानंतरचं कर्तव्य ही दुसरी. त्या रात्री जे दोनशे-चारशे लोक गाडीत असतात, जे पलीकडे लग्नाला, मयताला, औषधोपचाराला गेलेले असतात आणि परतीचं तिकीट ज्यांच्या खिशात असतं, त्यांचं काय करायचं हे आधी ठरवून ठेवण्यात कोणाचे हात बांधले जातात? उलट ते ठरलेलं असेल तर सरकारला त्या दिवशी एक निर्णय कमी घ्यावा लागेल.

आणि करार मोडण्याची किंमत आधी लिहून ठेवता येते, याचं उदाहरण आहे. क्वालालंपूर ते सिंगापूर द्रुतगती रेल्वेचा करार डिसेंबर २०१६ मध्ये झाला. २०१८ मध्ये मलेशियात सरकार बदललं, त्यांनी प्रकल्प पुढे ढकलायला सांगितलं. पुढे ढकलण्यासाठी त्यांनी सिंगापूरला दीड कोटी सिंगापूर डॉलर दिले. अखेर ३१ डिसेंबर २०२० ला करार संपला तेव्हा सुमारे १० कोटी २८ लाख सिंगापूर डॉलर भरपाई दिली. दोन्ही देशांनी हे शांतपणे जाहीर केलं. आणि याच दोन देशांनी दरम्यान, जुलै २०२० मध्ये, जोहोर बाहरू ते वुडलँड्स या चार किलोमीटरच्या जोडरेल्वेचा सुधारित करार केला, ज्यात दोन्ही देशांची तपासणी चढण्याच्या ठिकाणीच ठेवली. एका प्रकल्पावर फिस्कटलं म्हणून दुसरा मेला नाही, कारण पहिल्याचा हिशोब कसा करायचा हे आधीच ठरलेलं होतं.

आपल्याकडे हिशोब कधी पूर्णच होत नाही. थार एक्स्प्रेस बघा. मुनाबाव-खोखरापार मार्ग १९६५ ला तुटला. पाकिस्तानने आपल्या बाजूची मीटरगेज लाईन बदलून ब्रॉडगेज केली, सीमेला लागून झीरो पॉइंट स्टेशन बांधलं, आणि १८ फेब्रुवारी २००६ ला ४१ वर्षांनी गाडी सुरू झाली. जोधपूरच्या भगत की कोठीहून कराची, आठवड्यातून एकदा. समझौतावर बॉम्बस्फोट झाले त्या दिवशी तिला बरोबर एक वर्ष होत होतं, आणि तरीही दोन्ही सरकारांनी त्या वेळी गाड्या चालू ठेवल्या, हेही विसरू नये. ऑगस्ट २०१९ ला मात्र ती गेलीच. सिंधमधल्या आणि राजस्थानातल्या ज्या कुटुंबांनी तेरा वर्षांत त्या गाडीच्या भरवशावर सोयरिकी केल्या, त्यांना कोणी काही विचारलं नाही.

अर्थवेध

भावनेचा भाग समजतो, पण आकड्यांकडेही बघू. आठवड्यातून एक-दोनदा धावणारी गाडी, तिच्यासाठी स्वतंत्र फलाट, स्कॅनर, दोन्हीकडचे इमिग्रेशन आणि कस्टम्सचे कर्मचारी, सुरक्षा दल, राखीव रेक. तिकिटातून हे निघणं कठीण. मालगाड्यांचं गणित वेगळं असतं, कारण त्यांना व्हिसा लागत नाही आणि व्यापाऱ्याचा दबाव दोन्ही सरकारांवर असतो. माझ्या मते आधी मालवाहतूक घट्ट बसवावी आणि तिच्या जिवावर प्रवासी गाडी चालवावी.

आगरतळा-आखाउडा मार्ग तसाच विचार करून बांधला आहे. १ नोव्हेंबर २०२३ ला त्याचं उद्घाटन झालं, जेमतेम १२ किलोमीटरचा, अर्ध्याहून जास्त बांगलादेशात. आगरतळ्याहून आसाम आणि सिलीगुडीला वळसा घालून कोलकात्याला जायला किती वेळ लागतो हे ईशान्येतल्या कोणालाही विचारा. हा मार्ग खऱ्या अर्थाने चालू झाला तर त्याचा फायदा आधी मालाला होईल आणि मग माणसांना.

सुवर्णरेखा

अर्थवेध, तुमच्या गणितात एक बाजू राहिली. बांगलादेशातून कोलकात्याला येणाऱ्यांत उपचारासाठी येणारे खूप असतात. तो माणूस गाडीचं तिकीट काढतो तेव्हा त्याच्याबरोबर दोन नातेवाईक असतात, ते पंधरा-पंधरा दिवस राहतात, रुग्णालय, औषधं, खोली, जेवण यांवर खर्च करतात. तो पैसा रेल्वेच्या हिशोबात दिसत नाही.

आणि व्हिसाचा मुद्दा तुम्ही ओझरता मांडलात, पण मला वाटतं सगळं तिथेच येऊन थांबतं. कोरोनाने मार्च २०२० मध्ये थांबलेली मैत्री मे २०२२ अखेरीस परत सुरू झाली. न्यू जलपायगुडीहून हल्दीबाडी-चिलाहाटीमार्गे ढाक्याला जाणारी मिताली जूनमध्ये धावू लागली, तिचं उद्घाटन तर मार्च २०२१ लाच झालं होतं. तीन गाड्या झाल्या. २२ जून २०२४ ला राजशाही-कोलकाता या चौथ्या गाडीची घोषणा झाली. महिन्याभरात बांगलादेशात आंदोलन पेटलं, जुलैच्या मध्यापासून तिन्ही गाड्या बंद. मितालीचा भारतीय रेक ढाक्याला अडकला आणि काही महिन्यांनी रिकामा परत आला. ऑगस्टमध्ये तिथलं सरकार गेलं आणि आपण व्हिसा देणं अगदी मोजक्या कारणांपुरतं आणलं. आता उद्या रेल्वेने गाडी सोडायची म्हटलं तरी तिच्यात बसायला व्हिसाधारक किती?

म्हणून रेल्वेच्या करारात व्हिसाचं कलम नसेल तर तो करार अर्धाच आहे, असं माझं ठाम मत आहे.

चौकस

मग या वाटाघाटींना बसतं तरी कोण? रेल्वे मंत्रालय व्हिसा देत नाही, परराष्ट्र खातं रूळ टाकत नाही.

गार्डचा_डबा

तिथेच खरी गोम आहे.

आपल्या बाजूने बघा. गाडी, डबे, वेळापत्रक, भाडं हे रेल्वे मंत्रालयाचं. करार आणि व्हिसाधोरण यांत परराष्ट्र मंत्रालय. इमिग्रेशन गृह मंत्रालयाचं, सीमा सुरक्षा दलही त्यांचंच. कस्टम्स वित्त मंत्रालयाचं. स्टेशनवरची जमीन आणि पोलीस बंदोबस्त यांत राज्य सरकार. पलीकडे एवढीच खाती, वेगळ्या नावांनी. भारत-बांगलादेश यांच्यात आंतरशासकीय रेल्वे बैठक होते, पण ती रेल्वेवाल्यांची. तिथे रेक कोणाचा, गाड्या आठवड्याला किती, पैसे कसे वाटायचे, यावर एकमत पटकन होतं. दोन्हीकडचे रेल्वेवाले एकमेकांची भाषा समजतात. अडतं ते त्या खोलीत नसलेल्या माणसामुळे.

पैशांचं वाटप तसं सगळ्यात कमी कटकटीचं. ज्याच्या हद्दीत जितके किलोमीटर, तितका वाटा, आणि दुसऱ्याचे डबे वापरले त्याचं भाडं. हे सूत्र जुनं आहे आणि चालतं.

जनकनंदिनी

नेपाळचा उल्लेख अजून झाला नाही, म्हणून लिहिते. यात आपल्या कोकण रेल्वेचाही भाग आहे.

जयनगर-जनकपूर ही छोटी लाईन १९३७ ची, नॅरोगेज. २०१४ मध्ये ती बंद झाली आणि भारताच्या मदतीने तिथे ब्रॉडगेज टाकायला घेतलं. सप्टेंबर २०२० मध्ये कोकण रेल्वे महामंडळाने नेपाळला दोन डेमू (डिझेलवर चालणाऱ्या) गाड्या दिल्या, चेन्नईच्या कारखान्यात बांधलेल्या. गाड्या पोचल्या, लोक बघायला जमले, आणि त्या तशाच उभ्या राहिल्या. कारण नेपाळकडे रेल्वे चालवण्याचा पुरेसा कायदा नव्हता आणि प्रशिक्षित माणसं नव्हती. मग अध्यादेश निघाला, कर्मचारी कोकण रेल्वेकडून घेतले गेले, आणि २ एप्रिल २०२२ ला नेपाळमधल्या कुर्थापर्यंतची सुमारे ३५ किलोमीटरची सेवा सुरू झाली.

लक्षात घ्या, इथे भारतीय आणि नेपाळी माणसाला व्हिसा लागत नाही. सीमा खुली, दोन्ही देश राजी, रूळ तयार, गाडी तयार. तरी दीड वर्ष गेलं. तेव्हा सगळाच दोष वैराला देऊन चालणार नाही. कोरोना होता हे खरं, पण कायद्याची तयारी रुळांच्या बरोबरीने सुरू केली असती तर एवढं थांबावं लागलं नसतं. रक्सौल-काठमांडू मार्गाच्या सर्वेक्षणाचं कामही कोकण रेल्वेकडेच दिलं होतं. तो मार्ग झाला तर डोंगरातला अवघड मार्ग असणार, आणि तिथे चालक कुठे बदलणार, अपघाताची चौकशी कोण करणार, हे आत्तापासून लिहायला घेतलं पाहिजे.

दूरदेशी

जनकनंदिनी, कायद्याच्या तयारीचा मुद्दा फार महत्त्वाचा. युरोपात देशादेशांमधल्या रेल्वे मालवाहतुकीचा समान कायदा बर्नच्या करारापासून, म्हणजे १८९० पासून आहे. पुढे प्रवाशांसाठीही समान नियम आले. त्यामुळे दोन देश नवी गाडी सुरू करायला बसतात तेव्हा सामान हरवलं तर कोण भरून देणार, उशीर झाला तर काय, इजा झाली तर काय, यावर पहिल्यापासून भांडावं लागत नाही.

दक्षिण आशियात तसं काही करण्याचा प्रयत्न झाला होता. नोव्हेंबर २०१४ च्या काठमांडूच्या सार्क परिषदेत प्रादेशिक रेल्वे करार सह्यांसाठी येणार होता. पाकिस्तानची तयारी नव्हती, म्हणून तो आणि मोटार वाहनांचा करार दोन्ही राहिले, फक्त ऊर्जा सहकार्याच्या करारावर सह्या झाल्या. मोटार वाहनांसाठी २०१५ मध्ये थिंफूत चार देशांनी वेगळी चूल मांडली. रेल्वेसाठी बहुपक्षीय असं काही उभं राहिलं नाही, आणि म्हणून प्रत्येक गाडीची वाटाघाट शून्यापासून.

आणखी एक. चॅनल बोगद्यासाठी १९८६ च्या करारानेच दोन सरकारांचा कायमस्वरूपी आयोग नेमला. पंतप्रधान बदलले, ब्रेक्झिट झालं, आयोग राहिला. लोहमार्गी म्हणतात त्या फेरविचाराच्या बैठकीला अशी कायमची जागा लागते. नाहीतर बैठक बोलवायची कोणी, यावरच वर्ष जातं.

हिमरेषा

कायमच्या आयोगाची कल्पना मला पटते. त्यात गृह आणि संरक्षण खात्यांची माणसं पहिल्या दिवसापासून असतील तर माझी हरकत उरत नाही. सुरक्षावाल्यांना शेवटी बोलावलं की ते नाही म्हणतात, कारण तोवर त्यांच्यासमोर हो किंवा नाही एवढेच दोन पर्याय उरलेले असतात. आधी बोलावलं तर डब्यांना आतून उघडणाऱ्या आपत्कालीन खिडक्या, सामानाची तपासणी, फलाट वेगळा, असे उपाय तेच सुचवतील. पानिपतला आग लागल्यावर बाहेर पडता आलं नाही म्हणून माणसं गेली. गाडी सुरक्षित ठेवण्याच्या नावाखाली माणसं कोंडली जाऊ नयेत, एवढं तरी त्यातून शिकलं गेलं पाहिजे.

लोहमार्गी

सगळ्यांचे आभार. चर्चेतून मला भूतानच्या बाबतीत काही गोष्टी जास्त स्पष्ट दिसायला लागल्या.

भूतानशी आपलं वैर नाही, भारतीयांना तिथे व्हिसा लागत नाही. पण परवाना लागतो, आणि भारतीय पर्यटकाला रात्रीमागे १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावं लागतं. पर्यटक किती यावेत यावर भूतानचं बारीक लक्ष असतं, आणि तो त्यांचा हक्क आहे. एका गाडीतून एका वेळी हजार माणसं उतरायला लागली तर हे धोरण कसं सांभाळणार? परवाना तिकिटाबरोबरच द्यायचा का? शुल्क तिकिटात धरायचं का? रोज सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्या मजुरांना आणि व्यापाऱ्यांना वेगळा पास द्यायचा का? गेलेफूची तपासणी कोक्राझारलाच करायची, सीमेवर करायची की गेलेफूला?

भूतानकडे आजवर रेल्वेच नव्हती, म्हणजे रेल्वेचा कायदाही नव्याने करावा लागणार. जनकनंदिनी यांनी सांगितलेलं दीड वर्ष इथे टाळता येईल, कारण बांधकामालाच तीन-चार वर्षं लागणार आहेत. तेवढ्या काळात कायदा, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण, स्थगितीचं कलम आणि संयुक्त आयोग हे सगळं होऊ शकतं. भांडण नसताना भांडणाची कलमं लिहिणं सोपं जातं. पाकिस्तान किंवा बांगलादेशशी आज हे बोलता येणार नाही, भूतानशी येईल, आणि तो मसुदा उद्या इतरांपुढे ठेवता येईल.

गार्डचा_डबा

लोहमार्गी, तपासणी कुठे करायची हे कराराच्या मसुद्यापर्यंत थांबू शकत नाही. ते स्टेशनच्या नकाशावर आधी येतं. तपासणी कोक्राझारला करायची तर तिथे वेगळा फलाट लागतो, बाकीच्या गाड्यांच्या प्रवाशांपासून पूर्ण तोडलेला. निघणाऱ्यांची आणि येणाऱ्यांची वाट वेगळी लागते. दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांना बसायला खोल्या, नाकारलेल्या प्रवाशाला थांबवायला जागा, जप्त मालासाठी कोठार, कुत्र्यांच्या पथकासाठी जागा, आणि रेक उभा करायला स्वतंत्र लाईन. सगळी तपासणी गेलेफूला केली तर यातलं बरंचसं भूतानने बांधायचं, आणि त्याचे पैसे कोणी द्यायचे हा आणखी एक प्रश्न. जयनगरला नेपाळच्या गाडीसाठी भारताच्या स्टेशनला लागून वेगळं स्टेशन आहे, तोही एक मार्ग आहे.

यार्डाचा आराखडा एकदा मंजूर झाला की त्यात नंतर फलाट घुसवता येत नाही, जागाच उरत नाही. तेव्हा ज्यांची त्या भागातल्या खासदारांपर्यंत पोच आहे त्यांनी आत्ता हाच एक प्रश्न विचारायला लावावा : कोक्राझार आणि बनरहाटच्या यार्डाच्या आराखड्यात इमिग्रेशनसाठी जागा धरली आहे का, आणि धरली असेल तर कोणत्या देशाच्या अधिकाऱ्यांसाठी?